जुलैत बाबांना घेऊन अलास्काला सॅमन गरवायला जायचंय. तारखा कोणत्या धरू?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मी सिएटलजवळ राहतो. बाबा गुहागरचे, वय 68, जन्मभर खाडीवर गळ टाकून बसलेले. यंदा उन्हाळ्यात माझ्याकडे येतायत. त्यांना एकदा तरी सॅमन गरवायला न्यायचंच, असं मी ठरवलंय. विमानाने अँकरेज आणि पुढे गाडीने केनाई नदी, एवढंच पक्कं आहे. हातात पाच दिवस आहेत. किंग सॅमनसाठी बोट घ्यावी का? बाबांना पोहता उत्तम येतं, पण गुडघे दुखतात. कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा.

अँकरेजकर
मी इथे 14 वर्षं आहे, दर जुलै केनाईवरच जातो. किंगचा विचार सोडा. 1985 साली याच नदीत 44 किलोंचा किंग मिळाला होता, तो अजून जागतिक विक्रम आहे. पण आता किंग फार घटलेत आणि गेली काही वर्षं केनाईवर ते धरायला बंदी आहे. चुकून गळाला लागलाच, तर पाण्याबाहेर न काढता सोडायचा. पाठीवर आणि शेपटीवर काळे ठिपके, हिरड्या काळ्या, ही त्याची खूण.

तुम्ही सॉकाय या जातीच्या सॅमनसाठी या. इथे सगळे त्याला 'रेड' म्हणतात. केनाईतली मोठी झुंड जुलैच्या उत्तरार्धात चढते, म्हणून 18 ते 23 जुलै धरा. मत्स्यखात्याचं मासे मोजणारं सोनार यंत्र सोल्डोत्ना गावाच्या खालच्या अंगाला नदीत बसवलेलं आहे. रोज किती मासे वर गेले तो आकडा खात्याच्या वेबसाइटवर येतो. निघायच्या आठवडाभर आधीपासून तो बघत राहा आणि नियमही गरवायला जायच्या दिवशी परत वाचा, कारण मोसमात ते मधेच बदलतात. एरवी माणशी दिवसाला 3 रेड.

आता मुख्य गोष्ट, आणि ही बाबांना घरूनच समजावून आणा. रेड आमिष खात नाही. समुद्रात तो बारीक प्लवंगांवर जगतो आणि नदीत शिरला की खाणंच थांबवतो. त्यामुळे गळ टाकून ओढ लागायची वाट बघत बसलात तर संध्याकाळपर्यंत हात रिकामे. इथली रीत अशी: शिशाच्या वजनापुढे हातभर-दोन हात तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला एकच गरी (हुक). प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं, धारेबरोबर वाहू द्यायचं, आणि समोरून पुढे गेलं की दांडी काठाकडे ओढायची. मासा तोंड उघडं ठेवून प्रवाहाविरुद्ध येत असतो, दोरी तोंडातून सरकते आणि गरी जबड्याच्या कोपऱ्यात बसते. पोटात, पाठीत, शेपटीत कुठेही लागली तर मासा ताबडतोब सोडायचा. तो कायदा आहे आणि मला तो मनापासून पटतो. शिसं तळातल्या गोट्यांवर टकटक करत गेलं पाहिजे. खाडीत बसलेल्या हाताला ती टकटक लगेच कळेल, या बाबतीत बाबा तुमच्या पुढे असतील.

गुडघ्यांची काळजी नको. सोल्डोत्नाच्या नगर उद्यानांत काठाची झाडी तुडवली जाऊ नये म्हणून जाळीचे उंच मार्ग बांधलेत आणि तिथून पाण्यात पायऱ्या उतरतात. रेड काठाला धरूनच चढतो, कित्येकदा गुडघाभर पाण्यातून. बाबांना खालच्या पायरीवर उभं करा, पुढे जाऊ देऊ नका. उत्तम पोहणारे आहेत म्हणूनच हे बजावतो. हे हिमनदीचं पाणी आहे. दुसऱ्या वर्षी मी मांडीभर पाण्यात गेलो, पायाखालचा गोटा सरकला आणि वेडरमध्ये (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटमध्ये) पाणी भरलं. एका अनोळखी माणसाने कॉलर धरून ओढलं तेव्हा माझी बोटं मिटत नव्हती. वेडरवर कमरेचा पट्टा घट्ट बांधायचा, दोघांनीही. फेल्टच्या तळव्याचे बूट आणू नका, अलास्कात 2012 पासून नद्यांत त्यांना बंदी आहे.

परवाना दोघांचा वेगळा लागेल. बाहेरच्यांना 7 दिवसांचा 45 डॉलरला मिळतो, ज्येष्ठांची सवलत फक्त इथल्या रहिवाशांना.

एक दिवस कूपर लँडिंगजवळच्या रशियन नदीवर ठेवा. अँकरेजहून साधारण 160 किलोमीटर, सोल्डोत्नाच्या वाटेवरच. तिथे केनाई ओलांडायला प्रवाहाच्या जोरावर चालणारी फेरीबोट आहे. मात्र अस्वलं असतात. धरलेला मासा आणि पिशवी हाताच्या अंतरावर ठेवा. अस्वल आलं तर दोरी तोडा आणि बाजूला व्हा. अस्वलाचा स्प्रे विमानात चालत नाही, इथेच घ्या.

तिरफळ
आम्ही व्हँकुव्हरचे, फ्रीजर कायम सॉकायने भरलेला. मासा मिळाल्याबरोबर गिल कापून रक्त काढा आणि बर्फात ठेवा, अर्धी चव तिथेच ठरते. सोल्डोत्नात व्हॅक्यूम पॅक करून गोठवून देणारे आहेत. मेण लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून सामानात टाका. बाबांना हेही सांगा की आपला रावस 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात, पण तो वेगळ्या कुळातला. रावसाच्या वेळा लावून हा शिजवलात तर कोरडा होईल. कोकमाचं कालवण आधी उकळून घ्या आणि तुकडे शेवटची चार-पाच मिनिटंच.

खाडीकाठ
खूप आभार दोघांचे. 18 ते 23 ची तिकिटं काढली. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. आमिष लागत नाही हे ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "शिसं किती वजनाचं?" आणि दुसरं, गाबोळी मिळेल का?

अँकरेजकर
शिसं पाण्याच्या जोरावर ठरतं. तळाला टकटक ऐकू येईल इतकंच, अडकून बसेल इतकं नाही. दोन-तीन वजनांची आणा, ते स्वतःच निवडतील.

तिरफळ
मादी असेल तर मिळेल, चांगली केशरी. मंद आचेवर झाकण ठेवून तळा, दाणे तडतडून अंगावर उडतात.