पिकअप नाही म्हणजे क्लचच असं नाही

सिग्नलवरून गाडी का उचलत नाही, या इथल्या प्रश्नावर क्लच प्लेट गेली असं वर दोघांनी ठामपणे लिहिलंय. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतोय आणि गाडी मात्र सरकत नाही, असं असेल तर मान्य. पण मूळ प्रश्नात रेस दिली तरी आरपीएमच हळू चढतो, मागून काळा धूर येतो असं म्हटलंय. हे क्लचचं लक्षण नाही. इंजिनाला हवा कमी पडतेय.

माझ्या डिझेल एसयूव्हीचं नेमकं हेच झालं होतं. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना वळणावर गाडी थांबली की पुन्हा उचलायला जीव काढायची. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, फरक शून्य. शेवटी धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा ढकलणारा भाग) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारा भाग) जाणारा रबरी होज, म्हणजे पाइप, काढून हातात वाकवला. क्लिपच्या अगदी खाली बोटाच्या पेराएवढी चीर, हवा तिथूनच निसटत होती! पाइप जागेवर असताना ती दिसतच नव्हती, कारण टर्बोचा दाब आला की मगच ती उघडायची. खूण एकच, चिरेभोवती तेलकट ओल आणि त्यावर बसलेली काळी धूळ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होतं, म्हणून पाच-सहा वर्षं जुनी गाडी असेल तर आधी हेच बघा. रेस देताना बॉनेटखालून फुस्स आवाज येतो का, तेही ऐका. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचा खर्च त्यानंतर. होज बदलल्यावरही धूर राहिला तर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अडकलाय का, ते तपासून घ्या.