सहा माणसांच्या घरातील वाढता किराणा खर्च : काटछाट नेमकी कुठे करावी? (मदत हवी आहे)

सप्रेम नमस्कार.

आम्ही डोंबिवलीत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि नववीत व चौथीत शिकणारी दोन मुले अशी सहा माणसे आहेत. किराणा, दूध, भाजी-फळे आणि साबण-पावडर यांचा मिळून महिन्याचा खर्च दोन वर्षांपूर्वी बारा-साडेबारा हजारांत भागत असे. तो आता साडेसोळा हजारांच्या घरात गेला आहे आणि पगार मात्र त्या मानाने हललेला नाही. घराचा हप्ता, शाळेची फी आणि सासऱ्यांची मधुमेहाची औषधे यांना हात लावता येत नाही, त्यामुळे दर वेळी कात्री लागते ती स्वयंपाकघराला. ती तिथे तरी कुठे लावावी यावर घरात एकमत होत नाही, म्हणून अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

शिधापत्रिका पांढरी असल्यामुळे रेशनच्या धान्याचा प्रश्न येत नाही. बाहेर खाणे मुळातच क्वचित होते, तेव्हा ‘हॉटेल बंद करा’ हा सल्ला कृपया देऊ नये.

गेल्या महिन्याची बिले जुळवल्यावर ढोबळमानाने असा हिशेब निघाला : भाजी व फळे ४,३०० रुपये, दूध ३,९०० (रोज दोन लिटर, फुल क्रीम), बिस्किटे, फरसाण, नूडल्स आणि इडली-ढोकळ्याची तयार पिठे २,६००, गहू, तांदूळ, ज्वारी १,८००, तेल ९०० (सहा लिटर), सगळ्या डाळी आणि कडधान्ये मिळून ६००, चहा, साखर, शेंगदाणे, तूप, मसाले १,४००, साबण वगैरे १,१००. अंडी मुलांपुरती आणली जातात, ती भाजीच्या खात्यात धरली आहेत.

तूरडाळीचा भाव चढल्यापासून आमच्याकडे वरण पातळ होत गेले आहे, आणि पालेभाजीच्या जुडीसाठी घासाघीस करणे हे तर माझे रोजचेच झाले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की साताऱ्याकडे करत तशी उन्हाळ्यात वर्षाची साठवण करावी, म्हणजे महिन्याची कटकट राहणार नाही. यजमानांच्या मते दोन खोल्यांच्या घरात पोती ठेवायला जागा नाही आणि एवढे पैसे एकदम अडकवणेही परवडणार नाही. त्यापेक्षा दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवर सवलत दिसेल तेव्हा लागेल तेवढे मागवावे. मला दोन्ही पूर्णपणे पटत नाही. अ‍ॅपवर कोथिंबीर मागवायला गेले, की किमान रकमेची अट पुरी करण्यासाठी दोन चॉकलेटे आणि एक चिप्सचे पाकीट हमखास सोबत येते, आणि वर हाताळणी शुल्क लागते ते वेगळेच.

माझे प्रश्न असे आहेत. मुलांच्या आणि सासऱ्यांच्या आहारातील प्रथिने कमी न होता हा खर्च दीड-दोन हजारांनी उतरू शकतो का? साठवण करायचीच झाली, तर आमच्यासारख्या दमट हवेच्या शहरात काय साठवावे आणि कशाच्या नादी लागू नये? आणि तेलाच्या भावाचे गणित कुणी समजावून सांगेल का, कारण कर कमी झाल्याच्या बातम्या येतात तरी पिशवीचा भाव उतरलेला मला काही दिसत नाही. ‘हे सगळे घरी करा’ असे सुचवताना ते करणारे हात बहुतेक वेळा एकटीचेच असतात, एवढे लक्षात ठेवावे ही विनंती.

प्रतिसाद, लातूरहून

ताई, तुमच्या हिशेबात सर्वांत लहान आकडा डाळींचा आहे आणि सर्वांत आधी कात्री त्यालाच लागली आहे. शंभर रुपयांच्या खर्चात डाळ-कडधान्यांना चार रुपयेसुद्धा जात नाहीत. डाळीचा किलोचा भाव ऐकताना टोचतो हे खरे, पण सहा माणसांची वाटीभर आमटी साधारण दीडशे ग्रॅम डाळीत होते, त्यामुळे वरण निम्मे पातळ करूनही महिन्याला हाती लागतात ते दोनशे रुपये. त्यापायी मुलांचे आणि वडीलधाऱ्यांचे प्रथिन जाते. डाळ पूर्ववत करावी, शक्य असेल तर वाढवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी डाळ मिलच्या धंद्याशी संबंधित आहे, म्हणून भावाबद्दल थोडे लिहितो. शंभर किलो तुरीपासून साधारण सत्तर किलो डाळ पडते. २०२५-२६ च्या खरिपासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झालेला आहे. त्या भावाने तूर घेतली तर नुसत्या कच्च्या मालाचेच किलोला ११४ रुपये होतात. चुणी-भुशाचे थोडे पैसे परत येतात, पण मिलचा खर्च, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा त्यावर चढतोच. याहून फार स्वस्त डाळ दिसली, तर शेतकऱ्याला हमीभाव मिळालेला नाही, माल आयातीचा आहे किंवा डाळीत काहीतरी मिसळले आहे, यांपैकी एक कारण बहुधा असते. मोझांबिक, टांझानिया, म्यानमार येथून तूर येते आणि तिची आयात २०२१ पासून खुली करण्यात आली. माझ्या भागातील शेतकऱ्याची त्यावरची नाराजी वेगळी सांगायला नको.

खरेदीच्या दृष्टीने दोनच गोष्टी सांगतो. नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येऊ लागते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आवक भरपूर असते, तेव्हा सहा महिन्यांची डाळ घेतलेली बरी. शिवाय दुकानात फटका नंबर एक, म्हणजे पहिल्या प्रतीच्या डाळीऐवजी सव्वा नंबरची डाळ मागावी. तिचा दाणा थोडा तुटलेला असतो, म्हणून ती स्वस्त असते. शिजवून घोटल्यावर फरक कुणाला ओळखू येत नाही. आठवड्यातले दोन दिवस तुरीऐवजी मसूर किंवा हुलगे आणि एक दिवस मटकीची उसळ केली, तर तोंडालाही पालट होतो. शंभर ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांमध्ये पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, डाळीत बावीस-तेवीस. मुले रश्श्यातल्या वड्या खात नसतील, तर त्या भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढून पराठ्याच्या सारणात घालून पाहाव्यात.

प्रतिसाद, ठाण्याहून

तेलाबद्दल लिहिते. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे भाव इंडोनेशिया-मलेशियाच्या पामवर, युक्रेनच्या सूर्यफुलावर आणि दिल्लीच्या आयात शुल्कावर हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले गेले. म्हणजे आपण जिला कपात म्हणतो, ती अर्धीच कपात होती. मधल्या काळात परदेशातला भाव चढला, तर ती पिशवीवर दिसतही नाही.

भावापेक्षा पिशवीवरचे वजन पाहणे अधिक उपयोगाचे आहे. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी, पण ८५० किंवा ८७० ग्रॅमची पिशवी शेजारीच मांडलेली असते आणि दहा रुपये स्वस्त म्हणून आपण ती उचलतो. पाकिटावर ग्रॅममागे किंवा लिटरमागे पडणारी किंमत बारीक अक्षरांत छापलेली असते, तिची तुलना करावी. डब्याचेही तसेच : १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपास तेल असते आणि १५ किलोच्या डब्यात पूर्ण पंधरा. हा दीडेक किलोचा फरक दुकानदार आपण होऊन सांगत नाही. डबा घेतलात तर शेजारणीबरोबर वाटून घ्या, म्हणजे तेल खवट होण्याआधी संपेल.

तुमचा वापर माणशी दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास जातो. बैठे काम करणाऱ्या प्रौढासाठी वीस ते पंचवीस ग्रॅमची शिफारस आहे, आणि फरसाणातले तेल यात धरलेलेच नाही. पाच लिटरमध्ये भागवता येईल, पण त्यातून दीडशे रुपयेच वाचतील. त्याकडे प्रकृतीसाठी पाहा, पैशासाठी नको.

पैसा आहे तो दुधात. चहा, दही आणि कढीसाठी लागणारे दूध टोन्ड घेतले, तर लिटरमागे दहा-बारा रुपये सुटतात. टोन्डमध्ये ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६; प्रथिने आणि कॅल्शियम जवळपास तितकेच मिळते. साय कमी येईल, घरचे लोणी-तूप कमी निघेल, हे मान्य. रोजचे एक लिटर बदलले तरी महिन्याला साडेतीनशे रुपये होतात, आणि कुणाच्या ताटातले काही कमीही होत नाही.

प्रतिसाद, पुण्याहून

कराचा एक बारकावा. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, छापील लेबलच्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. सप्टेंबर २०२५ च्या बदलांत तूप-लोणी १२ वरून ५, बिस्किटे १८ वरून ५ आणि अंगाचा साबण, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्के झाले. खाद्यतेल आणि साखर मात्र ५ टक्क्यांवर होते तिथेच राहिले. सुट्या डाळी ओळखीच्या दुकानातून घेतल्यात तर तेवढा फरक पडेल.

प्रतिसाद, बोरिवलीहून

साठवणीचा अनुभव आहे म्हणून लिहिते. सासूबाईंचा विचार वाया घालवू नका, पण वर्षाऐवजी चार महिन्यांचा करा. एप्रिल-मेमध्ये गहू घेऊन दोन-तीन कडक उन्हे दाखवावीत, पूर्ण गार झाल्यावर एरंडेल चोळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावा आणि पावसाळ्यात ओल्या हाताने कोठी उघडू नये. तूरडाळीलाही एरंडेल चालते. रवा, बेसन आणि मैदा यांची साठवण करूच नका. पावसाळ्यात त्यांत पोरकिडे होतातच. कांदा मे महिन्यात दहा-पंधरा किलो घ्यायला हरकत नाही, पण आपल्याकडच्या हवेत तो ऑगस्टपर्यंतच टिकतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या कांदाचाळीत साठवलेला उन्हाळी कांदा संपत आलेला आणि खरिपाचा यायचा असताना, भाव चढतो आणि नेमका तेव्हाच आपला साठा सडलेला असतो. एक गोष्ट कळकळीने सांगते : गोदामात वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी कितीही सुचवल्या तरी घरातल्या धान्यात टाकू नका. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने बंद घरात माणसे दगावलेली आहेत.

आमच्या इमारतीत काही कुटुंबांचा मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ आहे. १९७५ पासून चालणारी ही सामूहिक खरेदीची पद्धत म्हणजे महिन्याची यादी आधी द्यायची, एकत्र माल येतो आणि आपापसांत वाटून घ्यायचा. पैशांची बचत होतेच, पण मुख्य फायदा असा, की यादी आधी लिहिल्यामुळे मोहाची पाकिटे येत नाहीत. तुमच्या २,६०० रुपयांच्या खात्यावर मला वाटते हाच उपाय आहे. तयार पिठे बंद करून सगळे घरी करण्याची गरज नाही. आठवड्याला एकदाच डाळ-तांदूळ भिजवून इडलीचे पीठ करा, आणि वाटणाची जबाबदारी यजमानांकडे द्या.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. डाळीच्या आकड्याकडे मी या नजरेने पाहिले नव्हते. रात्री हा हिशेब घरात वाचून दाखवला. सासऱ्यांनी घट्ट वरणाच्या बाजूने लगेच मत दिले. दुधातले एक लिटर टोन्ड करायचे, अ‍ॅपवरची खरेदी औषधांपुरती ठेवायची आणि फरसाण-बिस्किटांसाठी महिन्याला बाराशे रुपये ठरवून ते मुलीच्या हाती सोपवायचे, इतके ठरले आहे. या तिन्हींतून सतराशे-अठराशे रुपये सुटावेत. त्यातले दोनशे डाळींकडे आणि काही अंड्यांकडे वळवेन. यजमानांनी पीठ वाटायचे कबूल केले आहे, पण भिजवायची आठवण मीच करून द्यायची, अशी अट घातली आहे.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. डोंबिवली किंवा कल्याणमध्ये सव्वा नंबरची तूरडाळ सुटी आणि भरवशाची कुठे मिळेल? आणि डोंबिवली पूर्वेला ग्राहक पंचायतीचा चालू संघ कुणाला माहीत असल्यास, नव्या कुटुंबाला त्यात सामावून घेतात की स्वतंत्र संघ काढावा लागतो, हे कळवावे. आमच्या मजल्यावरची तीन घरे तयार आहेत.