मदत हवी आहे: गणपतीत गावच्या घरी, स्वमग्न मुलाला आवाज, गर्दी, धूर कसा सोसवेल?

रानजाई

नमस्कार. गणपतीला तीन आठवडे उरलेत, म्हणून पाल्हाळ न लावता लिहिते.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. तिसाव्या महिन्यापासून बोलणं थांबलं होतं, चौथ्या वर्षी स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालं. आता बोलतो, वाचतो, गणित मनापासून आवडतं. आम्ही पुण्यात राहतो, सासर सावंतवाडीजवळच्या एका वाडीत. गणपती पाच दिवसांचा, घरात वीस-बावीस माणसं आणि रोज संध्याकाळी वाडीतली मंडळी आरतीला.

गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशीच्या आरतीला तो माझ्या शेजारी उभा होता. खोली लहान, वर पत्रा, खिडकी एकच. पेटी, मृदंग आणि सात-आठ जणांच्या हातात झांजा. धूप, कापूर, पावसात भिजून आलेल्या कपड्यांचा वास. दुसऱ्या आरतीला त्याने कानात बोटं घातली. तिसरीला माझा पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं, दोनच राहिल्यात, निभेल. तेवढ्यात कुणीतरी प्रेमानेच त्याचा हात कानावरून काढला आणि त्यात झांज दिली, "वाजव रे बाबू". त्याने ती भिरकावली, किंचाळला, स्वतःचं मनगट चावलं आणि पावसात पळाला.

सापडला तो गोठ्यात. खांबाला कपाळ दाबून बसला होता. आत अंधार, गाईच्या श्वासाचा आवाज, बाकी काही नाही. मी हात लावला नाही, नुसती बसून राहिले. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, "झांज संपली?"

घरात आल्यावर एक वडीलधारे म्हणाले, लाडावून ठेवलाय, वेळेवर एक धपाटा घातला असता तर ही वेळ आली नसती. मनगटावर दातांचे वळ होते त्याच्या. मी काही बोलू शकले नाही, आणि ते मला वर्षभर सलतंय.

पुण्याला परतल्यावर त्याच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ताईंनी वही घालायला सांगितली. कधी बिनसलं एवढंच लिहायचं नाही, त्याआधीचा सगळा दिवस लिहायचा: झोप, कपडे, वास, आवाज, खाणं. सहा आठवडे लिहिलं. मला वाटायचं, त्याचा शत्रू कुकरची शिट्टी आहे, कारण रडारड व्हायची ती संध्याकाळी कुकर लावला की. वहीत दिसलं ते वेगळंच. रविवारी तोच कुकर, त्याच तीन शिट्ट्या, आणि हा फक्त कानावर हात ठेवून उभा. मंगळवारी मात्र पहिल्याच शिट्टीला जमिनीवर. मंगळवारी शाळेत बँडचा सराव असतो. त्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश असतो. व्हॅनमध्ये शेजारच्या मुलाचा डबा उघडा असतो आणि व्हॅन मागे घेताना ती पिपाणी वाजते. सहा वाजेपर्यंत तो काठोकाठ भरलेला असतो, शिट्टी हा शेवटचा थेंब. आम्ही इतके दिवस त्या थेंबाशीच भांडत होतो.

तेव्हापासून घरी बरंच बदललं. शर्टांची लेबलं उसवून टाकली, मोजे उलटे घालतो म्हणजे शिवण बोटांना लागत नाही. मंगळवारी कुकर तो येण्याआधीच होतो. मिक्सर तो स्वतः सुरू करतो, आणि स्वतः बटण दाबलं की त्याला तोच आवाज चालतो! मिरचीची फोडणी दार लावून, खिडकी उघडून.

पण गावी यातलं काहीच माझ्या हातात नाही. आणि त्याला न नेणं हा मार्ग मला नको आहे, कारण त्याला तिथे जायचंय. माटवी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट, त्याला फार आवडते. नारळ, सुपारीचे घोस, तवशी (काकड्या), कवंडळांसारखी रानफळं, कुठे काय बांधलंय हे त्याला पाठ असतं. गेल्या वर्षी कुणीतरी एक तवसं काढलं तर ते पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं.

तर विचारायचं हे:
आरतीच्या वेळी नेमकं काय करू? कान झाकणारे हेडफोन घेतलेत, ते दिवसभर लावू द्यावेत का? मोठ्या माणसांना कसं सांगू, म्हणजे कुणाचा अपमान होणार नाही? आणि जाता जाता, शाळा वर्गात हेडफोन लावू देत नाही, "मग सगळेच मागतील" म्हणतात. त्यावर काही करता येतं का?

कृष्णकमळ

रानजाई, वही फार चांगली घातलीत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबर काम करते. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या ओटींना विचारूनच पुढचं करा.

पहिलं म्हणजे हे हट्टाचं नाही हे घरच्यांना ठामपणे सांगायला तुमच्याकडे आधार आहे. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांतच आहे. हट्ट करणारं मूल मध्येच बघतं, कुणाचं लक्ष आहे का. हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन ताबा सुटतो तेव्हा, मूल कशासाठीही थांबू शकत नाही, तेव्हा समजावणं, रागावणं, आमिष, सगळं फुकट. शब्द कमी, माणसं कमी, उजेड कमी, एवढंच. गोठ्यात तुम्ही हात न लावता बसलात, तेच योग्य होतं.

त्याने विचारलं "झांज संपली?", मृदंग संपला का असं नाही. हे नीट पाहा. झांजेचा आवाज तार, अचानक आणि धातूचा. मृदंग खर्जातला, ठेक्यात, छातीत जाणवणारा. बऱ्याच मुलांना पहिला असह्य आणि दुसरा चक्क आवडतो. पत्र्याखाली लहान खोलीत झांज आणखी घुमते. तेव्हा "आवाज नको" असं मोघम मागू नका. झांजा दोनच ठेवता येतील का, त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवता येतील का, एवढंच मागा. हे मोठ्यांनाही पटायला सोपं जातं.

हेडफोन आरतीपुरते, फटाक्यांपुरते, प्रवासापुरते. दिवसभर लावले तर कानाला शांततेचीच सवय होते आणि साधे आवाजही बोचायला लागतात. कुठे लटकवलेत हे त्याला माहीत असावं आणि ते लावायला त्याला कुणाची परवानगी लागू नये.

आणि अंगमेहनत! खांबाला कपाळ दाबणं म्हणजे त्याने स्वतःच शोधलेला उपाय आहे. सांधे आणि स्नायूंवर येणारा दाब पुष्कळ मुलांना शांत करतो. गावी याला तोटा नाही. विहिरीवरून अर्धी कळशी आणणं, नारळ उचलून ठेवणं, मोदकाची उकड मळणं. आरतीच्या आधी अर्धा तास असं काही काम द्या.

भूक आणि शू यांच्याकडेही लक्ष असू द्या. पोटातून येणारे इशारे या मुलांना उशिरा कळतात, आणि सणाच्या घरात जेवणाची वेळ हमखास टळते.

वाटसरू७

आमच्या पुतण्याला आवाज सहन व्हायचा नाही. आम्ही नेत राहिलो, हळूहळू सवय झाली. एकदम लांब ठेवलंत तर पुढे जगात कसा वावरेल? काळजीपोटीच सांगतोय.

उत्तररात्र

वाटसरू, तुमची काळजी खरी आहे हे मान्य करून लिहितो. मी स्वमग्न आहे, वय चौतीस, निदान झालं एकोणतिसाव्या वर्षी. मलाही असंच "नेत राहिले" होते. मला सवय झाली नाही. मी गप्प बसायला शिकलो. लग्नघरात मी किंचाळायचा थांबलो तेव्हा सगळे म्हणाले, सुधारला. आत काय व्हायचं ते सांगतो. समोरच्याचे ओठ हलताना दिसायचे, शब्द कळायचे नाहीत. हात आपले वाटायचे नाहीत. घरी आलो की दोन दिवस बोलता यायचं नाही. बाहेरून तो शांतपणा वाटतो.

रानजाई, आवाज "मोठा" असतो असं नाही. माझ्या जुन्या ऑफिसात चोकवाली जुनी ट्यूब होती. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा तशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजेड कमीजास्त करते. बाकीच्यांना ते दिसत नव्हतं. मला त्या टेबलावर दुपारपर्यंत डोकं धरून बसावं लागायचं, आणि तिची बारीक घरघर वेगळी. साहेबांनी एलईडी लावून दिला, दोनशे-तीनशे रुपयांचं काम, आणि माझ्या चुका निम्म्यावर आल्या. मी तोवर आळशी ठरलो होतो.

तुमच्या मुलाला स्वतः लावलेला मिक्सर चालतो, यातच तुमचं उत्तर आहे. मला माहीत असलेला आवाज आणि अंगावर येणारा आवाज, हे दोन वेगळे आवाज आहेत. त्याला आरत्यांची यादी लिहून द्या. किती आरत्या, कुठल्या क्रमाने, शेवटची कुठली. एकेक झाली की त्याने खूण करायची. शेवट दिसत असेल तर पुष्कळ सोसता येतं. शिवाय "मला जायचंय" हे बोलून दाखवावं लागू नये. त्या क्षणी तोंडातून शब्द निघत नाहीत. एखादी खूण ठरवा, मी खिशातला रुमाल डोक्यावर ठेवायचो.

आणि तो हात हलवत असेल, झुलत असेल, तर पाहुण्यांसमोर थांबवू नका. तो तोल सांभाळत असतो.

वाटसरू७

दोन दिवस बोलता यायचं नाही, हे वाचून थांबलो. पुतण्या आता कॉलेजात आहे, लग्नकार्यानंतर खोलीत बसून राहतो, आम्ही म्हणतो एकलकोंडा झालाय. आज त्याला विचारतो. धन्यवाद.

फळा_आणि_खडू

शाळेबद्दल लिहिते, मी प्राथमिक शिक्षिका आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता येते. कलम १६ नुसार शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची आहे. तोंडी भांडू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत आणि ओटींचं पत्र. पत्रात "हेडफोनला परवानगी" एवढंच नको. कधी, किती वेळ, कशासाठी हे लिहा. अर्जाची पोच घ्या.

"सगळेच मागतील" याला माझं उत्तर असं, की चष्मा लावणाऱ्या मुलाकडे बघून वर्गातल्या कुणी चष्मा मागितल्याचं मला आठवत नाही. मी वर्गात एका मुलासाठी मागच्या कोपऱ्यात बाक भिंतीला लावून ठेवला. पहिल्या आठवड्यात चार जणांनी तिथे बसून पाहिलं, मग विसरले. बँडच्या तासाला त्याला ग्रंथालयात पाठवता येईल का, हेही अर्जात विचारा. तुमच्या वहीतलं मंगळवारचं पान दाखवलंत तर एवढ्याने बरंच काम होईल.

पारिजात_सांगली

आमच्याकडे त्रास गावचा नाही, गल्लीतल्या मंडपाचा. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवायचा नियम २०००चा आहे, पण सणाचे काही दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं. त्यामुळे आम्ही भांडण्यापेक्षा मंडळाच्या अध्यक्षांना लेकीची माहिती देऊन स्पीकरचं तोंड आमच्या खिडकीकडून फिरवून घेतलं. मुलं चांगली होती, दोन मिनिटांत फिरवलं. विचारायला मीच तीन वर्षं लावली.

रानजाई, एक दिवस आधी पोचा. गर्दी जमण्याआधी त्याला घराची ओळख पुन्हा होऊ द्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तररात्र, तुमचं लिहिणं मी मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा मध्येच उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. तोही लहानपणी गणपतीत गोठ्यात जाऊन बसायचा, हे मला काल पहिल्यांदा कळलं.

शाळेचा अर्ज लिहायला घेतलाय. वडीलधाऱ्यांशी नवरा बोलणार आहे, मी नाही. ते त्याचं घर आहे आणि त्याचं ऐकतील.

सासूबाईंना मी फोन केला. गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं, झांजेचं आणि मृदंगाचं वेगळं करून. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगो, मग माका आधी कित्याक सांगूक नाय? मागीलदारची खोली रिकामीच आसा, तो थंय रवांदे." त्या खोलीला दार आहे, खिडकी गोठ्याकडे उघडते. तिथे त्याची चादर, पाण्याची बाटली आणि कोड्यांची वही ठेवणार. झांजा दोनच वाजतील, हे त्या स्वतः वाडीत सांगणार आहेत.

लेकाला विचारलं, तुला काय हवंय. त्याने कागदावर लिहून दिलं:

१. आरत्या किती ते आधी सांगा.
२. मृदंग चालेल, मी जवळ बसणार.
३. माटवीची तवशी मी बांधणार.

माटवी चतुर्थीच्या आदल्या दिवशी बांधतात, तेव्हा पाहुणे आलेले नसतात. त्यामुळे आम्ही दोन दिवस आधीच निघतोय.