मदत हवी आहे: सातारा हिल हाफ मॅरेथॉन, उताराची तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या पुण्यातल्या क्लबबरोबर आजवर १० किमीच्याच रेस केल्यात. यंदा पहिल्यांदा २१.१ किमी, आणि तेही थेट साताऱ्याला! (सपाट रस्त्यावरची निवडायला हवी होती असं घरचे म्हणतात. असो.)

चढाची फार धास्ती नाही. यवतेश्वर घाटात वेग कमी होणारच, तिथे घड्याळाकडे न बघता श्वासावर पळायचं ठरवलंय. अडचण परतीची आहे. बोपदेव घाटात सराव करतो तेव्हा उतरताना मांड्या पुढून भरून येतात आणि दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, म्हणून असं होतं हे वाचलंय. पण रेसमध्ये घाट उतरल्यावरही गावातलं अंतर उरतं, तिथेच पाय संपले तर?

ज्यांनी ही रेस पळली आहे त्यांनी सांगा: उताराचा सराव आठवड्यातून एकदा पुरे का, आणि रेसच्या किती दिवस आधी थांबवावा? स्क्वॉट्स, लंजेस चालू आहेत, त्याचा खरंच उपयोग होतो का? उतरताना पावलं छोटी ठेवायची की पाय मोकळे सोडायचे, यावर क्लबात दोन तट आहेत.

शिवाय पाऊस असेल तर ओल्या डांबरावर कोणत्या बुटांची पकड चांगली राहते? माझ्या बुटांचे तळवे बरेच झिजलेत, पण आता नवे घेऊन रेसपर्यंत रुळतील का?