मदत हवी आहे: केमो वॉर्डातल्या नर्ससाठी ऑनलाइन कोर्स

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहते. एका खासगी हॉस्पिटलच्या केमो डे-केअरमध्ये स्टाफ नर्स आहे. नवी औषधं भराभर येताहेत, आणि ड्यूटी, घर सोडून मुंबईला शिकायला जाणं मला जमणार नाही. म्हणून विचारते.

मला सगळ्यात आधी पक्कं करायचंय ते औषध शिरेबाहेर झिरपलं तर काय करायचं हे. डॉक्सोरुबिसिन असेल तर थंड शेक, व्हिन्क्रिस्टिन असेल तर गरम. उलटं झालं तर इजा वाढते. हे नुसते व्हिडिओ बघून भागत नाही, समोर कोणाला तरी विचारता यायला हवं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडची (देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याची) ऑनलाइन सत्रं कोणी केली आहेत का? आमच्यासारख्या खासगी ठिकाणच्या नर्सना प्रवेश मिळतो का?

त्रिवेंद्रमच्या पॅलियम इंडियाचा पॅलिएटिव्ह केअरचा (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा) कोर्सही मनात आहे. शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या घरच्यांशी कसं बोलावं, हे आम्हाला नर्सिंगला कोणी नीट शिकवलंच नाही, आणि वॉर्डात तीच वेळ सारखी येते. केलेल्यांनी अनुभव सविस्तर लिहा.

आणखी एक. नोंदणी नूतनीकरणासाठी मध्य प्रदेशात सीएनईचे (नोकरी करताना घ्यायच्या पुढच्या नर्सिंग शिक्षणाचे) ऑनलाइन तास धरले गेले का कोणाचे? भोपाळ, ग्वाल्हेरच्या ताईंनी जरूर सांगा. कोर्स इंग्रजीत चालेल, सत्रं रात्री आठनंतर असतील तर बरं. फी किती तेही कळवा.