बांध फुटून शेतात तिवरं उगवली, तर शेत कुणाचं?

(ही चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

बाहेरकाठा

पेण, अलिबाग, उरणच्या खारपट्टीत आणि खाली रत्नागिरीपर्यंत खाड्यांच्या काठाने एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडते. खारं पाणी भातशेतात शिरतं. दुरुस्ती लांबते. पावसाळ्याच्या शेवटी तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, बी भरतीबरोबर तरंगत येतं आणि त्या चिखलात रुजतं. दोन-तीन वर्षांत शेत हिरवंगार दिसायला लागतं, पण भाताने नाही.

कायदा इथे स्पष्ट आहे. 18 जानेवारी 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत म्हटलंय की बांध किंवा उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं झडपेचं दार) 19 फेब्रुवारी 1991 च्या आधीची असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशीच धरायची. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलं. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की खारं पाणी शिरून बांधाच्या आत तिवरं उगवली, तर ती जागा सीआरझेड-1अ, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाची. क्षेत्र कितीही लहान असो.

माझं म्हणणं असं: खाडीतलं तिवर राखलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण 1979 च्या खार जमीन विकास कायद्याने ज्या योजनांची जबाबदारी सरकारने घेतली, त्या योजनेतला बांध फुटतो, दुरुस्ती होत नाही, आणि त्या दिरंगाईतून उगवलेल्या झाडामुळे वीस गुंठेवाल्याचा पिकवण्याचा हक्क जातो. ना भूसंपादन, ना मोबदला. संविधानाचं कलम 300अ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. इथे जमीन काढून घेत नाहीत, फक्त वापर शून्यावर आणतात. खांड पडल्याची तारीख नोंदलेली असेल, तर ठरावीक मुदतीत उगवलेली रोपं काढून शेत परत पिकवू द्यावं.

चिपी

दुखणं खरं आहे, औषध चुकीचं आहे. मुदतीची सवलत वीस गुंठेवाल्यासाठी लिहिली जाईल आणि वापरेल कोण? पेण-उरण पट्ट्यात खारजमीन भातासाठी विकत घेणारे फारसे कुणी नाहीत. जमीन घ्यायची, बांध पडू द्यायचा, मग "मुदतीत" तिवरं साफ करायची आणि भराव टाकायचा, हे कुणालाही सुचेल. उलटही होईल: खांडीची तारीख अलीकडे ओढून दहा वर्षांचं झाड दोन वर्षांचं दाखवतील.

मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात मालकी सरकारी की खासगी हा फरकच ठेवला नाही, तो याचसाठी. तिवरं नष्ट करणं म्हणजे कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं तो निकाल म्हणतो. तुमचं 300अ आणि हे 21, दोन्ही एकाच संविधानातली आहेत.

आणखी एक. तिवराखालचा चिखल म्हणजे जुनं भातशेत नव्हे. त्या काळ्या, हवा न लागलेल्या चिखलात गंधकाची संयुगं साठतात. पाणी तोडून तो वाळवला की हवेशी संयोग होऊन आम्ल तयार होतं. जुनं तिवर काढून भात लावू म्हणणाऱ्याने आधी त्या मातीचा सामू तपासावा.

उघाडी

वाद झाडावर चाललाय. मुद्दा खांडीचा आहे. ती वेळेत बुजवली तर पुढचं काहीच उद्भवत नाही, म्हणून बांध का फुटतो आणि कसा बुजवायचा ते लिहितो.

खारबांध बहुतेक वेळा भरती वरून गेल्याने फुटत नाही, आतून पोखरल्याने फुटतो. खेकडे आणि उंदीर बिळं करतात, उधाणाचं पाणी बिळातून आतल्या बाजूला झिरपतं आणि झिरपताना माती घेऊन जातं. आतल्या पायथ्याशी गढूळ पाणी दिसलं म्हणजे बांध आतून वाहतोय. स्वच्छ ओल चालेल, गढूळ नाही. दुसरं कारण, दुरुस्तीला माती बांधाच्या पायथ्यालगतच खणतात. तिथे चर पडतो आणि पुढच्या उधाणाला बांध त्या चरात घसरतो. माती पायथ्यापासून चांगली चार-पाच मीटर सोडून घ्यावी. तिसरं, बाहेरच्या अंगाला लाटांचा मारा. धरमतरसारख्या खाडीत बार्जची ये-जा असते, त्या लाटा रोज बांधाचा पाय खातात.

चौथं कारण उघाडी. तिची झडप साधी असते: ओहोटीला आतलं पाणी ढकलून ती उघडते, भरतीला बाहेरचं पाणी दाबून ती बंद करतं. एखादा ओंडका किंवा प्लास्टिकचा बोळा अडकला तरी रात्रभर खारं पाणी आत येतं. समोर गाळ साचला तर पावसाचं पाणी बाहेर जात नाही, आत तुंबतं आणि दाब उलट्या बाजूने बांधावर येतो. मासेमारीसाठी झडप मुद्दाम टेकू लावून उघडी ठेवतात, तेही होतं आणि त्यावर कुणी बोलत नाही.

आता खांड बुजवणं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हात लावू नये, माती आणि मजुरी दोन्ही वाहून जातात. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगेची भरती असते, पाण्याची चढउतार सर्वांत कमी, तेच चार-पाच दिवस कामाचे. खांडीच्या जागी पाण्याने खोल डोह केलेला असतो. त्या डोहातून सरळ बांध घालायचा मोह टाळावा. डोहाला वळसा घालून आतल्या घट्ट जमिनीवरून अर्धगोल बांध घ्यावा. बल्ल्यांच्या किंवा बांबूच्या दोन रांगा ठोकून मध्ये चिकणमातीची पोती रचायची. रेतीची पोती नकोत, त्यांतून पाणी झिरपतं. दोन्ही टोकांकडून मध्याकडे यायचं आणि शेवटचं तोंड ओहोटी पूर्ण उतरल्यावर एका दमात बंद करायचं. ते तोंड अरुंद होत जातं तसा प्रवाह जोरात होतो, म्हणून शेवटच्या टप्प्याची सगळी पोती आधीच दोन्ही काठांवर तयार हवीत. नाहीतर भरती येते आणि केलेलं काम नेते. पक्का बांध पावसाळ्यानंतर: माथा सर्वांत मोठ्या उधाणाच्या रेषेपेक्षा निदान दोन फूट वर, कारण नवी माती बसते. बाहेरचा उतार आतल्यापेक्षा पसरट.

आणि बाहेरच्या अंगाला तिवरांचा पट्टा असलेला बांध जास्त टिकतो. शेतकऱ्यानेच बांधाबाहेरची तिवरं सरपणाला तोडली, तर तो स्वतःचा बांध उघडा करतो.

कोळंब

मासेमारांच्या बाजूने. इथे "शेतकरी की झाड" एवढंच बोललं जातंय. कोळंबी, बोय, चिंबोरी, जिताडा यांची पिल्लं तिवरांच्या मुळांत वाढतात. खाडीत डोल किंवा पाग ही जाळी टाकणारा माणूस वीस गुंठेवाल्याहून गरीब असतो, त्याच्या नावावर सातबाराही नसतो. शेत गेलं तर शेतकऱ्याचं नुकसान कागदावर मोजता येतं. तिवर गेलं तर आमचं नुकसान कुणी मोजत नाही.

झडपेला टेकू लावतात हे मान्य. पण तो पाग्याने लावलेला नसतो. तिथली मासेमारी ज्याने लिलावात घेतली असेल, त्याला विचारा. गावानेच लिलाव केला असेल, तर अटीही गावानेच घालाव्यात.

सातबारा

कागदाच्या बाजूने दोन गोष्टी.

तिवरांभोवती पन्नास मीटरचा संरक्षित पट्टा धरतात, त्याचा हिशेब कुणी केलाय का? समजा एका गुंठ्यात, म्हणजे साधारण 10 बाय 10 मीटरमध्ये तिवरांचं बेट आहे. त्याच्या चारी बाजूंनी 50 मीटर धरले, तर बेटासह जवळजवळ अडीच एकर अडकते. शेजारच्या पाच-सहा जणांची शेतं त्यात येतात, ज्यांच्या बांधात खांडही नाही.

दुसरं, 2021 पासून ई-पीक पाहणी आहे, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून पिकाची नोंद करायची. खारं पाणी असलेल्या शेतात शेतकरी पाहणी करतच नाही किंवा नुसतं "पड" लावतो. तीन-चार हंगाम असं झालं की कागद सांगतो, जमीन कसलीच जात नव्हती. पुढे कधी हक्क सांगायचा तर हेच विरोधात जातं. खांड पडल्याच्या आठवड्यात तलाठ्याकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. पंचनाम्यात तीन गोष्टी लिहून घ्या: बांध कुठल्या खार योजनेतला, खांडीची लांबी, आणि त्या दिवशी शेतात तिवराचं रोप नव्हतं. तिसरी ओळ कुणी लिहून घेत नाही. फोटो अक्षांश-रेखांशासह. खारभूमी विभागाला तोच अर्ज, त्याच दिवशी.

चिपी

सातबारा, हिशेब बरोबर, निष्कर्ष नाही. उच्च न्यायालयाने त्या पन्नास मीटरांत बांधकाम आणि राडारोडा टाकणं बंद केलंय. भातशेती बंद केलेली नाही. शेजाऱ्याचं भात चालूच राहू शकतं. 2019 च्या अधिसूचनेत तर खासगी जमिनीतल्या तिवरांना पट्टा नको असं आहे, पण न्यायालयाचा आदेश मालकी पाहत नाही, म्हणून गोंधळ होतो. लोकांना "पन्नास मीटरमध्ये काहीच करता येत नाही" असं सांगितलं की घाबरून ते स्वस्तात जमीन विकतात. ही भीती पसरवू नका.

बांधदुरुस्तीचंही तसंच. सीआरझेडमध्ये बांध घालायला बंदी आहे हे अर्धं वाक्य झालं. खारं पाणी आत येऊ नये म्हणून केलेली कामं 1991 च्या मूळ अधिसूचनेपासूनच अपवादात आहेत. "सीआरझेड आहे, हात लावता येत नाही" असं कुणी तोंडी सांगितलं, तर ते लेखी मागा.

बाहेरकाठा

ही दुरुस्ती मान्य, शेजाऱ्यांपुरती. ज्याच्या शेतात झाड उभं आहे, त्याचं काय? त्याला भात लावायचा तर रोप उपटायला लागतं आणि तिथे पर्यावरण संरक्षण कायद्याची कारवाई.

भराव टाकणाऱ्यांची भीती खरी आहे, म्हणून अटी कडक ठेवा. सवलत फक्त खार योजनेच्या नोंदीतल्या जमिनीला. पंचनाम्यात "रोप नाही" ही नोंद असेल तरच. रोप गुडघ्याएवढं होईपर्यंतच. काढल्यावर दहा वर्षं बिनशेती परवानगी नाही, आणि ही अट सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवायची. उपग्रहचित्रांवरून तारीख पडताळता येते, अलीकडे ओढणं सोपं नाही. भराव टाकणाऱ्याला यात काय मिळेल? ज्याला खरंच भात लावायचाय, तोच अर्ज करेल.

जिताडा

भातच का? 2017 पासून राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. गटाला खर्चाच्या 90 टक्के, एकट्याला 75 टक्के अनुदान. तिवर न तोडता चिंबोरीपालन होतं, पिंजऱ्यात जिताडा होतो. केरळात पोक्काळी शेतात पावसाळ्यात भात, नंतर कोळंबी, हे पिढ्यानपिढ्या चालतं. रायगडच्या शेतातल्या तळ्यात जिताडा ठेवायची रीत आपलीच आहे.

उघाडी

जिताडा, सुचवणं चांगलं, पण पोक्काळीचा दाखला इथे उलटा लागतो. तिथे खारं पाणी माणूस फाटकातून आत घेतो आणि माणूसच बाहेर काढतो. बांध शाबूत असेल तरच ते जमतं. फुटक्या बांधात ना भात, ना कोळंबी.

चिंबोरीत अडचण अशी: कात टाकली की चिंबोरी मऊ पडते आणि दुसऱ्या तिला खातात. लपायला पाईपचे तुकडे, कौलं टाकावी लागतात. जाळी चिखलात दीड-दोन फूट गाडली नाही तर त्या खालून उकरून निघून जातात. पिल्लं बहुतेक तमिळनाडूहून आणायची, वेळेवर मिळत नाहीत. जिताड्यात मोठा लहानाला गिळतो, आकारवारी सतत करावी लागते. गटाला हे जमेल. एकट्या साठीच्या शेतकऱ्याला अनुदानाने नाही जमत.

भाताकडे परत यायचं असेल तर खांड बुजल्यावर लगेच पेरू नका. भाताला मातीतली क्षारता सुमारे 3 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत (क्षारता मोजायचं एकक) सोसते, त्यापुढे उत्पन्न घटतं. समुद्राचं पाणी 50 च्या आसपास असतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल-1, 2, 3 ही वाणं साध्या भातापेक्षा जास्त सोसतात, पण तीही समुद्राचं पाणी सोसत नाहीत. आतले आडवे बांध घालून जूनचा पाऊस शेतात उभा करायचा, दोन-तीन दिवसांनी ओहोटीला उघाडीतून सोडायचा, पुन्हा भरायचा. असं तीन-चार वेळा, मग पेरणी. कोकणचा पाऊस मीठ धुतो, पण पाणी बाहेर काढलं तरच. खोल नांगरट नको, खालचं मीठ वर येतं. मोड आलेलं बी चिखलावर फेकायची रहू पद्धत इथे त्याचसाठी आहे. पूर्ण उत्पन्नाला दोन-तीन पावसाळे लागतात, तेवढी तयारी ठेवा.

कोळंब

बाहेरकाठा, तुमच्या अटींत मासेमार कुठेच नाही. रोप काढायच्या आधी त्या खाडीतल्या मच्छीमार संस्थेची लेखी हरकत-सूचना मागवा. नाहीतर विरोध आमच्याकडूनच होईल.

चिपी

आणि गुडघ्याएवढं रोप काढण्यालाही माझा विरोध कायम आहे. एकदा मुदत आली की ती वाढवली जाते. त्याऐवजी पैसे द्या. ज्याच्या सातबाऱ्यावर तिवर उभं आहे, त्याला ते उभं ठेवल्याबद्दल दरवर्षी, भाताच्या निव्वळ उत्पन्नाइतके. राज्यात कांदळवनं 320 चौरस किलोमीटरच्या आसपास आहेत. त्यांतलं योजनेतल्या बांधाच्या आतलं खासगी क्षेत्र आधी मोजा, म्हणजे किती रक्कम लागेल ते कळेल.

बाहेरकाठा

दरवर्षीचे पैसे मिळणार असतील तर निवड शेतकऱ्यावर सोडा: पैसे किंवा शेत. कोळंब, हरकतीची अट मान्य, तीस दिवसांच्या मुदतीने. मोजणीसाठी योजनानिहाय नकाशे खारभूमी विभागाकडे माहिती अधिकारात मागता येतात. अर्जात योजनेचं नाव, बांधाची लांबी, लाभक्षेत्र आणि शेवटच्या दुरुस्तीचं वर्ष हे चार मुद्दे वेगवेगळे लिहा, म्हणजे "माहिती एकत्रित स्वरूपात नाही" असं उत्तर येणार नाही.