मटार वर्षभर टिकवायचे असतील, तर ते उकळत्या पाण्यातून काढलेच पाहिजेत का?

ओटा_कोथरूड
नमस्कार. थंडीत पुण्याच्या बाजारात मध्य प्रदेशातून मटारची आवक वाढली आणि भाव उतरला, की मी दरवर्षी 5 किलो शेंगा एकदम आणतो. गेल्या जानेवारीत त्यातून साधारण सव्वादोन किलो दाणे निघाले. ते स्वच्छ धुऊन, निथळून, थेट पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवले. महिनाभर चव उत्तम होती. परंतु मे महिन्यात उसळीसाठी पिशवी उघडली, तेव्हा दाण्यांचा रंग मळकट झाला होता, सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला होता आणि त्याला वाळलेल्या गवतासारखा वास येत होता. शिजवल्यावर साल चिवट लागली. आईला मटारची उसळ फार आवडते. तिने दोन घास खाऊन वाटी बाजूला सारली, याचे मला अजूनही वाईट वाटते.

दाणे आधी उकळत्या पाण्यातून काढावेत, असे अनेकजण सांगतात. त्याने जीवनसत्त्वे निघून जाणार नाहीत का? शेजारच्या काकू पाण्यात चिमूटभर सोडा आणि चमचाभर साखर घालायला सांगतात. ते योग्य आहे का?

रोवळी
थंडीने दाणे टिकतात, पण ते पूर्णपणे निष्क्रिय होत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. मटारमध्ये असलेली विकरे, म्हणजेच एन्झाइम, फ्रीजरच्या तापमानालाही अगदी संथपणे काम करीत राहतात. त्यांपैकी लायपॉक्सिजिनेज हे विकर दाण्यातील स्निग्धांशावर क्रिया करते आणि त्यातूनच तो गवताचा वास निर्माण होतो. हे काम थांबवण्याचा घरगुती उपाय एकच, तो म्हणजे उष्णता. म्हणून दीर्घकाळ साठवायचे असल्यास ही पायरी गाळू नये.

अर्धा किलो दाण्यांसाठी मोठ्या पातेल्यात 4 लिटर पाण्याचे आधण ठेवावे. पाणी कमी घेतले, तर दाणे पडताच उकळी मोडते आणि ती पुन्हा येईपर्यंत दाणे कोमट पाण्यात नुसते भिजत राहतात. खळखळून उकळी परत आली, की तेथून दीड मिनिट घड्याळ लावून मोजावे. या दीड मिनिटात पाहण्यासारखी एक गोष्ट घडते: दाण्याच्या पेशींदरम्यान अडकलेली हवा निघून जाते आणि फिकट दिसणारा दाणा एकाएकी गर्द, तजेलदार हिरवा होतो. परंतु रंग बदलला म्हणून दाणे लगेच काढू नयेत. अपुरी उष्णता मिळाली, तर विकरे नष्ट होण्याऐवजी उलट अधिक वेगाने काम करू लागतात, आणि ते काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरते.

दीड मिनिट होताच दाणे चाळणीत उपसून बर्फ घातलेल्या पाण्यात टाकावेत, नाहीतर आतल्या उष्णतेने ते शिजतच राहतात. दोन मिनिटांनी एक दाणा दाताखाली फोडून पाहावा. आतून गार लागला, म्हणजे काम झाले.

जीवनसत्त्वांविषयी: काही प्रमाणात क जीवनसत्त्व पाण्यात उतरते, हे खरे आहे. परंतु कच्चे साठवलेले दाणेही महिनोन्‌महिने ते गमावतच राहतात, त्यामुळे हा व्यवहार तोट्याचा नाही. सोडा मात्र मुळीच घालू नये. अल्कामुळे रंग हिरवागार राहतो, पण दाणे गिळगिळीत होतात आणि थायमिन हे ब गटातील जीवनसत्त्व नष्ट होते. साखरेचाही उपयोग नाही. शेंग तोडल्यापासून दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर सुरू होते आणि पाण्यातल्या साखरेने ती गोडी परत येत नाही. खरी गोडी हवी असेल, तर सकाळी आणलेल्या शेंगा त्याच दिवशी सोलून फ्रीजरमध्ये गेल्या पाहिजेत. टच्च भरलेल्या, फिकट पडलेल्या जून शेंगांचे दाणे वेगळे काढून ताज्या भाजीत वापरावेत. ते साठवू नयेत.

माजघर
महिन्याभरात संपवायचे असतील, तर माझ्या अनुभवाप्रमाणे कच्चे दाणेही चालतात. वर्षभराच्या साठवणीसाठी मात्र रोवळीताई म्हणतात तेच योग्य.

पाटा_वरवंटा
गोळा होण्याविषयी लिहितो. त्याचे कारण दाण्यांवर राहिलेले पाणी हे आहे. गार झालेले दाणे जुन्या, धुतलेल्या सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने टिपावेत आणि मूठभर दाणे हातात घेतले असता तळहात कोरडा राहीपर्यंत थांबावे. नंतर ताटात एकच थर पसरून ते ताट उघडेच फ्रीजरमध्ये ठेवावे. दाणे गोट्यांसारखे टणक होऊन ताटात खुळखुळू लागले, की लगेच पिशव्यांत भरून, हवा दाबून काढून, वर तारीख लिहावी. एका वेळच्या उसळीला लागतील एवढेच दाणे एका पिशवीत भरावेत, म्हणजे मोठी पिशवी पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही.

दुसरी चूक एकदम सगळे भरण्याची असते. फ्रीजरच्या दर लिटर क्षमतेमागे दिवसाला 30 ते 50 ग्रॅमपेक्षा जास्त नवा माल ठेवू नये, म्हणजे 50 लिटरच्या कप्प्यात दीड ते अडीच किलो. त्याहून अधिक ठेवले, तर दाणे सावकाश गोठतात, त्यांच्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशींच्या भिंती फाटतात आणि शिजवताना दाणा पिचका होतो. उणे 18 अंश सेल्सिअस सातत्याने राखणाऱ्या फ्रीजरमध्ये असे मटार 8 ते 12 महिने उत्तम राहतात. एका दाराच्या फ्रीजमधील लहान कप्प्यात एवढी थंडी नेहमी राहतेच असे नाही. तेथे वर्षभराचा हिशेब धरू नये.

ओटा_कोथरूड
आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझी चूक नेमकी कोठे झाली, ते आता कळले. आणखी दोन शंका आहेत. वापरण्यापूर्वी दाणे बाहेर काढून मऊ होऊ द्यावेत का? आणि वीज बराच वेळ गेली तर काय करावे?

रोवळी
मऊ होऊ देऊ नयेत. गोठलेले दाणे थेट फोडणीत किंवा उकळत्या रश्श्यात घालावेत. ते आधीच थोडे शिजलेले असल्यामुळे ताज्या दाण्यांपेक्षा कमी वेळ लागतो. मसालेभातात घालायचे असतील, तर तांदूळ अर्धे शिजल्यावर घालावेत, म्हणजे दाणा अखंड राहतो. करंजीच्या सारणासाठी मात्र ते कोरड्या कढईत परतून त्यांचे पाणी आधी आटवून घ्यावे, अन्यथा पारी ओली होऊन तळताना फुटते.

वीज गेल्यास दार उघडू नये. गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीजर बंद राहिल्यास सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला सुमारे 24 तास थंडी धरून ठेवतो. फ्रीजमधील कप्प्यात याहून कमी वेळ मिळतो. वीज आल्यावर दाण्यांत बर्फाचे कण शिल्लक असतील, तर ते पुन्हा गोठवता येतात, पण पोत थोडा उतरतो, म्हणून त्या पिशव्या आधी संपवाव्यात. पूर्ण मऊ पडूनही गार असतील, तर त्याच दिवशी शिजवावेत. कोमट झाले असतील, तर टाकून द्यावेत.

ओटा_कोथरूड
समजले. या रविवारी 5 किलो शेंगा एकदम न आणता 2 किलोच आणतो आणि उरलेल्या पुढच्या दोन रविवारी. पहिल्या पिशवीवर तारीख घालून ती मे महिन्यात आईच्या उसळीसाठी राखून ठेवीन आणि ती कशी निघाली, ते येथेच कळवीन.